कुट्टनाडच्या नौकाशर्यती

मृगाचा पाऊस लागला की कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील मच्छीमार आपल्या होड्या वाळूवर ओढून घेतात, त्यांवर झापांचे छप्पर घालतात आणि दर्या शांत होण्याची वाट पाहत राहतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रावर जावयाचे नाही, असा या किनाऱ्याचा जुना दंडक आहे. परंतु याच किनाऱ्याने दक्षिणेकडे केरळात उतरावे, तो अगदी उलटे दृश्य दृष्टीस पडते. तेथे जून-जुलैच्या भर पावसात, नद्या दुथडी भरून वाहत असताना, वर्षभर कोरड्यावर जपून ठेवलेल्या नौका पाण्यात लोटल्या जातात. शंभर-शंभर वल्ही एकाच वेळी पाण्यात शिरतात, आणि दोन्ही तीरांवर भिजत उभा असलेला जनसमुदाय आपल्या गावाच्या नौकेचे नाव घेऊन गर्जना करतो. मल्याळी भाषेत या उत्सवास ‘वळ्ळमकळी’ म्हणतात. वळ्ळम म्हणजे होडी आणि कळी म्हणजे खेळ.

हा खेळ पावसाळ्यातच का, याचे उत्तर त्या भूमीच्या रचनेत आहे. पंपा, मणिमला, अच्चनकोविल या नद्या सह्याद्रीवरून उतरून ज्या सखल प्रदेशातून वेंबनाड सरोवरास मिळतात, तो प्रदेश म्हणजे कुट्टनाड. येथील पुष्कळशी भातशेते समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. भोवती चिखलाचे बांध घालावयाचे, आतील पाणी उपसून टाकावयाचे आणि उघड्या पडलेल्या गाळात भात पेरावयाचे, अशी ही शेती. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीस जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. येथील मुख्य पीक पावसाळा सरल्यावर पेरले जाते व उन्हाळ्याच्या तोंडाशी कापले जाते. पावसाळ्यात शेते पाण्याखाली असतात, माणसांचे हात रिकामे असतात आणि घरोघर जाण्याचा मार्ग म्हणजे पाणीच असते. ज्या लोकांचे भात, लग्नाचे वऱ्हाड आणि अंत्ययात्रादेखील होडीतून जात असे, त्यांनी आपल्या सणासाठीही होडीच निवडली, यात नवल ते काय!

तथापि शर्यतीतील मुख्य नौका ही शेतकऱ्याची होडी नव्हे. ती मूळची रणनौका होय. तिला ‘चुंडन वळ्ळम’ म्हणतात. ‘चुंडु’ म्हणजे ओठ किंवा चोच. नाळ चोचीसारखी पुढे निघालेली म्हणून चुंडन. तिची पिछाडी पाण्यापासून सुमारे वीस फूट उंच उचललेली असते. ती फणा काढलेल्या नागासारखी दिसते, म्हणून परदेशीयांनी तिला सर्पनौका हे नाव दिले आणि जगात तेच रूढ झाले. अठराव्या शतकाच्या मध्यास त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने ही लहान लहान राज्ये जिंकून घेईपर्यंत कुट्टनाडच्या परिसरात चेंपकश्शेरी व कायंकुळम ही दोन राज्ये एकमेकांशी झुंजत असत. जेथे रस्ते नाहीत तेथे लढाई पाण्यावरच व्हावयाची. चेंपकश्शेरीच्या देवनारायण राजाने आपल्या सुतारांकडून शत्रूच्या नौकांना मागे टाकील अशी वेगवान नौका बांधवून घेतली, आणि तीच चुंडनाची जननी, असे परंपरा सांगते. शर्यतींतील इतर नौकांच्या नावांतही त्या काळाच्या खुणा राहिल्या आहेत. ‘वेप्पु’ ही सैन्याचा स्वयंपाक वाहून नेणारी नौका; ‘इरुट्टुकुत्ती’ म्हणजे काळोख भेदून जाणारी. राज्ये गेली, लढायाही संपल्या. पण नौका मोडून सरपणास लावल्या गेल्या नाहीत. गावांनी त्या आपल्याकडे ठेवून घेतल्या आणि देवाच्या उत्सवात उतरविल्या.

‘गावांनी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शंभर फुटांहून अधिक लांबीची ही नौका फणसाच्याच कुळातील आंजिली नावाच्या वृक्षाच्या लाकडातून घडविली जाते. शंभराच्या आसपास वल्हेकरी, पिछाडीस उभे राहून लांब वल्ह्यांनी दिशा सांभाळणारे चार-पाच सुकाणूदार आणि मध्यभागी ताल धरणारे गायक, इतकी माणसे तिच्यात मावतात. लाकूड टिकावे आणि पाण्यातून सुळकन सरकावे म्हणून माशाचे तेल, करवंटीचा कोळसा आणि अंड्याचा बलक यांचा लेप देण्याची जुनी रीत आहे. असा खर्च आणि अशी निगा एकट्या कुटुंबास झेपणारी नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी नौका गावकऱ्यांच्या वर्गणीतून बांधली जाते, तिला गावाचेच नाव मिळते, आणि तिच्या शेडची दुरुस्ती हे देवळाच्या वा चर्चच्या दुरुस्तीइतकेच सार्वजनिक कर्तव्य मानले जाते. शंभर माणसांपैकी एकाचे वल्हे जरी क्षणभर चुकले, तरी मागच्याच्या वल्ह्यावर आदळते आणि सारी रांग विस्कटते. तेथे कोणी एकटा वीर ठरत नाही.

या शर्यतींच्या हंगामाचा प्रारंभ होतो चंपाकुळम येथे, मिथुन महिन्यातील मूळ नक्षत्राच्या दिवशी. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. अंबलपुळा येथे चेंपकश्शेरीच्या राजाने श्रीकृष्णाचे मंदिर बांधले. परंतु प्रतिष्ठेसाठी घडविलेली मूर्ती ऐनवेळी सदोष ठरली. तेव्हा कुरिच्ची गावाहून एक प्राचीन मूर्ती नौकेतून आणण्यात आली. वाटेत रात्र पडली, आणि मूर्ती सुरक्षित राहावी म्हणून राजाच्या माणसांनी चंपाकुळम येथे एका सिरियन ख्रिस्ती गृहस्थाच्या, माप्पिळश्शेरी घराण्याच्या, घरी आश्रय घेतला. श्रीकृष्णाची मूर्ती ती रात्र ख्रिस्ती घरात राहिली. दुसऱ्या दिवशी राजा स्वतः आला, कल्लूरकाडच्या प्राचीन चर्चमध्येही मानपान झाला, आणि मूर्तीच्या नौकेसोबत दोन्ही धर्मांच्या लोकांच्या नौकांची मिरवणूक अंबलपुळ्याकडे निघाली. त्या मिरवणुकीच्या स्मरणार्थ ही शर्यत. आजही शर्यतीपूर्वी मंदिराकडील मंडळी त्या घराण्याचा व त्या चर्चचा मान राखतात.

आख्यायिका तपशिलाने खरी आहे की नाही, हे ताडून पाहणे इतिहाससंशोधकाचे काम. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक कोणती गोष्ट जपतात, हाही इतिहासच असतो. आपल्या देवाने एक रात्र शेजाऱ्याच्या घरी काढली, ही आठवण मंदिराने लपविली नाही. आणि दुसऱ्याच्या देवाला घरात जागा दिली, याची त्या ख्रिस्ती घराण्यास लाज वाटली नाही. उलट दोघांनी मिळून तिचा सण केला.

दुसरे मोठे केंद्र पंपेच्या तीरावरील आरन्मुळा. तेथील पार्थसारथीच्या मंदिराचा उत्सव ओणमच्या दिवसांत, सिंह महिन्यातील उत्रट्टाती म्हणजे उत्तराभाद्रपदा नक्षत्रावर होतो. ओणमच्या भोजनाची सामग्री घेऊन देवाकडे निघालेल्या नौकेवर वाटेत हल्ला झाला, म्हणून तिच्या रक्षणार्थ गावोगावच्या नौका निघाल्या, अशी येथील कथा. या नौकांना ‘पळ्ळियोडम’ म्हणतात आणि त्या देवस्वरूप मानल्या जातात. अनवाणीच त्यांत पाऊल ठेवावयाचे असा नेम आहे. तीरावरच्या पन्नासाहून अधिक गावांच्या अशा नौका आहेत. नवस फेडण्यासाठी भक्त त्यांतील वल्हेकऱ्यांना ‘वळ्ळसद्या’ नावाचे भोजन घालतात. साठांहून अधिक पदार्थांच्या त्या पंगतीत वल्हेकरी हवा तो पदार्थ पद्य गाऊन मागतात, आणि यजमानाने तो वाढावयाचा असतो! येथे वेगापेक्षा गीताला मान अधिक. नौकागीतास ‘वंचिप्पाट्टु’ म्हणतात. त्या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध काव्य अठराव्या शतकातील रामपुरत्तु वारियर या कवीचे असून त्याचा विषय आहे कुचेलाची कथा. हा कुचेल म्हणजे मराठी माणसाच्या ओळखीचा पोहेवाला सुदामाच होय. जो सुदामा येथे कीर्तनकाराच्या मुखी आहे, तोच तेथे वल्ह्यांच्या तालावर द्वारकेस जातो.

गोव्यातील वाचकांस हे वातावरण अगदीच परके वाटू नये. २४ जूनला सांजांवच्या सणाला शिवोलीस सजविलेल्या होड्यांतून गावोगावची मंडळी गात-वाजवीत येतात. कुंभारजुव्यास गणेशविसर्जनाच्या वेळी होड्या जोडून त्यांच्या सांगोडावर पौराणिक देखावे उभे करतात. तेथे शर्यत नाही, परंतु पाऊस, पाणी, होडी आणि गाव यांचे नाते तेच आहे.

कुट्टनाडच्या या उत्सवास नवे वळण मिळाले ते २७ डिसेंबर १९५२ रोजी. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू जलमार्गाने आलप्पुळ्यास, म्हणजे त्या वेळच्या अलेप्पीस, जात असता त्यांच्या सन्मानार्थ चुंडन नौकांची शर्यत योजण्यात आली. नडुभागम गावाची नौका जिंकली. नेहरूंना तो देखावा पाहून इतका उल्हास झाला की, सुरक्षेचा विचार बाजूस सारून ते विजयी नौकेतच चढले आणि तीतून शहराकडे गेले. दिल्लीस परतल्यावर त्यांनी नौकेच्या आकाराचा रौप्यकरंडक पाठविला. त्रावणकोर-कोचीनच्या समूहजीवनाचे ते एक अनन्य वैशिष्ट्य आहे, असा अभिप्राय त्यावर कोरलेला आहे. ‘पंतप्रधान करंडक’ या मूळ नावाऐवजी १९६९ साली त्यास नेहरूंचे नाव देण्यात आले. त्या पहिल्या शर्यतीस ना नक्षत्र होते, ना पाऊस, ना देव. एका पाहुण्यासाठी ती झाली. पुढे ती पावसाळ्यात आली, पण तिचा दिवस पंचांगाने नव्हे, तर कॅलेंडराने ठरू लागला. अनेक वर्षे ऑगस्टचा दुसरा शनिवार हा पुन्नमडा सरोवरावरील शर्यतीचा दिवस होता. २०२५ साली ती ३० ऑगस्टला झाली.

या करंडकाने उत्सवास कीर्ती दिली, हे नाकारता येणार नाही. देशोदेशींचे प्रेक्षक आले, जुन्या नौका दुरुस्त झाल्या, नव्या बांधल्या गेल्या, आणि स्त्रियांच्या नौकांचीही स्वतंत्र शर्यत सुरू झाली. परंतु कीर्तीबरोबर पैसा आला, आणि पैशाबरोबर ईर्ष्या. एक किलोमीटरहून थोडे अधिक अंतर साडेचार मिनिटांच्या आत कापावयाचे, तेथे गीताला अवसर कुठला? फळीवर काठी आपटून ताल देणे एवढेच उरले. नौका एका गावाची आणि वल्हविणारा क्लब दुसरीकडचा, हे आता नित्याचे झाले आहे. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी विजयी क्लब एकच होता, पळ्ळात्तुरुत्तीचा. नौका मात्र तीन वेगवेगळ्या होत्या. परप्रांतांतून कसलेले वल्हेकरी पैसे देऊन आणण्याची चालही पडली, आणि त्यांच्या संख्येवर नियमाने मर्यादा घालावी लागली. २०१९ साली राज्याच्या पर्यटन खात्याने क्रिकेटच्या धर्तीवर साखळी सामनेही सुरू केले.

मग हा उत्सव कोणाचा? पाहणाऱ्यांचा की वल्हविणाऱ्यांचा? गेल्या काही वर्षांतील आपत्तींनी या प्रश्नाचे काहीसे उत्तर दिले आहे. २०१८ च्या महापुरात कुट्टनाड बुडाले. ज्या पाण्यावर शर्यत व्हावयाची तेच घरांत शिरले, आणि ऑगस्टची शर्यत १० नोव्हेंबरला झाली. २०२० व २०२१ साली साथीमुळे ती होऊच शकली नाही. २०२४ च्या जुलैअखेर वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो माणसे गेली, तेव्हा १० ऑगस्टची शर्यत पुढे ढकलून २८ सप्टेंबरला घेण्यात आली. निव्वळ करमणुकीचा खेळ असता, तर तिकिटे विकली गेली आहेत एवढ्या कारणावर तो रेटून नेता आला असता. पण शेजारी शोकात असता सण करू नये, हा गावाचा नियम अजून मोडलेला नाही. आणि शोक सरल्यावर सण सोडूही नये, हाही त्याचाच दुसरा भाग.

रणनौकेने युद्ध सोडले आणि ती देवाची झाली. देवाची नौका पुढे करंडकाची झाली. यापुढे ती केवळ बाजाराची व्हावी की गावाची राहावी, हे ठरविणे कुट्टनाडच्या लोकांच्या हाती आहे. जोवर चंपाकुळमच्या शर्यतीपूर्वी मंदिराची माणसे ख्रिस्ती शेजाऱ्याच्या उंबरठ्याशी जातात, आणि आरन्मुळ्याच्या पंगतीत वल्हेकरी गाऊन वाढप मागतात, तोवर त्यांनी ती हातची घालविली आहे, असे म्हणता येणार नाही.