एका आकड्यावरचा भत्ता

आजचा भाग खास एचआरवाल्यांसाठी, पण बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही. व्यवसायाची मासिकं ऑफिसात येतात, रिसेप्शनच्या टेबलावर पडून राहतात आणि रद्दीत जातात. त्यात वाचण्यासारखं काय असतं, असं अनेकांना वाटतं. म्हणून मी आज एका मासिकाची गोष्ट सांगणार आहे. त्यात छापून येणाऱ्या एका आकड्यावर पुढे मुंबईतल्या गिरणी कामगारांचा महागाई भत्ता ठरू लागला. मासिकाचं नाव ‘लेबर गॅझेट’.

पहिल्या महायुद्धात मुंबईत महागाई भडकली. १९१९ आणि १९२० साली गिरण्यांमध्ये मोठे संप झाले. कामगार म्हणत, या पगारात भागत नाही. मालक म्हणत, पगार पुरेसा आहे. खरं कोणाचं, हे तपासायला दोघांनाही मान्य होईल असा आकडाच नव्हता. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस सुरू केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक निघू लागलं.

त्यात काय असायचं? धान्याचे किरकोळ भाव. कुठे संप झाला, कशावरून झाला, कामाचे किती दिवस बुडाले याची यादी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कामगाराच्या राहणीखर्चाचा निर्देशांक. जुलै १९१४ चा खर्च १०० धरायचा आणि आज तेवढ्याच गोष्टींना किती लागतात ते दर महिन्याला सांगायचं. दिसायला रुक्ष मामला!

आता हे वाचणार कोण? तेव्हा गिरणीत एचआर नव्हतं. माणूस कामावर घेणं, काढणं हे जॉबरच्या हातात. त्याला दस्तुरी द्या, मग काम. १९३१ साली व्हिटली कमिशनने शिफारस केली, की भरतीतली जॉबरची सत्ता कमी करा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा स्कूल सुरू झालं, म्हणजे आजचं टिस. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणं बंधनकारक केलं. म्हणजे हा व्यवसाय आपल्या डोळ्यांदेखत उभा राहिला आणि मासिक मात्र त्याच्या आधीपासून तयार होतं.

या नव्या अधिकाऱ्याची अडचण बघा. त्याला ना यंत्र चालवता येतं, ना जॉबरसारखी त्याच्यामागे गावची, नात्यागोत्याची माणसं. मालकाला तो कामगारधार्जिणा वाटतो, कामगारांना तो मालकाचा माणूस. अशा माणसाचं ऐकायचं का? माझ्या मते त्याची खरी ताकद एकच होती. दोन्ही बाजूंना दाखवता येईल असा छापील कागद.

दुसऱ्या महायुद्धात हे स्पष्ट झालं. १९४० साली रांगणेकर मंडळाने गिरण्यांतला महागाई भत्ता राहणीखर्चाशी जोडण्याची वाट दाखवली आणि पुढे भत्त्याचा हिशोब निर्देशांकावरून होऊ लागला. आकडा वर गेला की भत्ता वर. मग ते रुक्ष पान कोण वाचणार नाही?

पण आकडाच चुकीचा असेल तर? १९६३ साली तीच तक्रार पेटली. भाव चढताहेत आणि निर्देशांक ते पुरेसं दाखवत नाही, असं संघटनांचं म्हणणं होतं. त्या ऑगस्टमध्ये मुंबई बंद झाली. महाराष्ट्र सरकारने अर्थतज्ज्ञ प्रा. लकडावाला यांची समिती नेमली आणि आकडेवारीत दुरुस्ती करावी लागली. यातली गंमत अशी की कोणत्या वस्तू धरल्या, भाव काय धरले, हे सगळं उघड होतं. म्हणूनच ‘हा भाव चुकीचा आहे’ असं बोट ठेवून म्हणता आलं. गुप्त आकड्याशी भांडता येत नाही, छापील आकड्याशी येतं.

म्हणून मला वाटतं, एचआरच्या मासिकाची किंमत ‘यशस्वी मॅनेजरच्या दहा सवयी’ छापण्यात नाही. बाजारात पगार किती चालू आहे, कोर्टाने कोणत्या बडतर्फीला काय म्हटलं, दुसऱ्या कारखान्यात करार कसा झाला, हे त्यात सापडायला हवं. आणि एक कसोटी लावून बघा. हे पान टेबलापलीकडे बसलेल्या युनियनच्या माणसासमोर ठेवता येईल का? तो ते तपासू शकेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर ते मासिक रद्दीत टाकू नका. पुढच्या वाटाघाटीला बरोबर घेऊन जा.

आज एवढंच. तुमच्या ऑफिसात असं एखादं मासिक येत असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.