कुंभिवलीच्या टापूंतील मद्यनिर्मिति: नियम, नियमभंग आणि अपघात

जुन्या दप्तरांत मद्याचा उल्लेख बहुधा दोनच निमित्तांनीं येतो. एक कर बसविण्याच्या आणि दुसरें मनाई करण्याच्या. मद्य कोण करी, कोणत्या ऋतूंत करी, कोणत्या रीतीनें करी, हें लिहून ठेवण्याचें कारकुनास प्रयोजन नव्हतें. आणि ज्यांस तें ठाऊक होतें त्यांच्या हातीं लेखणी नव्हती. यामुळें ह्या विद्येच्या इतिहासाचा शोध घेणारास मनाईहुकूम, दंड व तक्रारी यांवरच भिस्त ठेवावी लागते. कर्जत-खालापूर टापूंतील कुंभिवली व तिच्या आसपासचा प्रदेश डोळ्यांपुढें ठेवून आम्ही प्रस्तुत लेखांत इतकेंच दाखवूं इच्छितों कीं, मद्याचा जन्म अपघातांतून झाला, त्यास आजचें रूप पुष्कळ अंशीं नियमांनीं व नियमभंगानें दिलें, आणि म्हणून गुन्ह्याचा कागद हा विद्येचाही कागद म्हणून वाचला पाहिजे.

प्रथम अपघाताचा विचार करूं. ताड किंवा शिंदी यांचा रस झाडावरून उतरतो तेव्हां गोड असतो. हवेंतील व मडक्यांतील सूक्ष्म किण्वजंतूंमुळें तो थोड्याच तासांत फसफसूं लागतो व त्याची ताडी होते. तशीच राहिली तर पुढें ती आंबट होऊन सिरका बनतो. अर्थात् ताडी होण्यास कांहींएक करावें लागत नाहीं. ती न होऊं देण्यासच यत्न लागतो. मडक्यास आंतून चुना लावून रस पहांटे उतरवितात तेव्हांच तो नीरा म्हणून टिकतो. मोहाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचीं मांसल फुलें चैत्राच्या सुमारास रात्रीं व पहांटे आपोआप गळतात. वाळविलेलीं फुलें भिजलीं कीं त्यांतील विपुल साखरेमुळें तीं आंबतात. पुढें मात्र मडकें, नळी व गार पाणी यांच्या योगानें अर्क काढण्याचें मनुष्याचें कौशल्य लागतें.

इतर देशांतील द्राक्षासवाचा इतिहासही ह्याच जातीचा आहे. फ्रान्सांतील शांपाञ प्रांतीं थंडीमुळें थांबलेलें आंबणें वसंतांत पुन्हां सुरू होई व बाटल्या फुटत; तो फेंस तेथील आसवकारांस दीर्घकाळ दोषच वाटे. इंग्लंडांत ख्रिस्तोफर मेरेट यानें १६६२ सालीं रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत मात्र, आसवांत साखर घालून मुद्दाम फेंस आणण्याच्या तिकडील चालीची नोंद आहे. मदीरा बेटाचें मद्य जहाजांच्या तळांत उष्ण समुद्रांतून फिरून आलें तेव्हां अधिक रुचकर झालेलें आढळलें. पुढें तीच उष्णता बेटावर मुद्दाम देऊं लागले. हें सर्व कां घडतें याचा उलगडा लुई पाश्चर याच्या संशोधनानें झाला. त्याचा द्राक्षासवावरील ग्रंथ १८६६ चा आहे. नियमभंगाचें उदाहरण पाहिजे असेल तर इटलींतील सास्सिकाया हें मद्य घ्यावें. तेथील नियमांत न बसणाऱ्या परकीय जातींच्या द्राक्षांचें म्हणून १९६८ च्या हंगामाचें हें मद्य सामान्य जेवणाचें मद्य या नांवाखालीं विकावें लागलें. १९९४ सालीं नियमच बदलून त्यास मानाचें स्थान मिळालें.

आतां आपल्याकडील कागदांकडे वळूं. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशवे रोजनिशांस न्यायमूर्ति रानडे यांनीं जी प्रस्तावना लिहिली तींत मद्यबंदीचा विषय आला आहे. पोर्तुगीजांकडून वसई-चौलचा मुलूख मराठ्यांकडे आल्यावर तेथील भंडाऱ्यांनीं तक्रार केली कीं, दारूचीं दुकानें बंद झाल्यामुळें माडांवरचा कर आम्हांस भरवत नाहीं. यावर बंदी सैल झाली. ब्राह्मण, शेणवी, प्रभु व सरकारी कामगार यांस मनाई कायम राहिली. कोळी, भंडारी आदि ज्ञातींस मोकळीक मिळाली. पेशव्यांच्या चाकरींतील यूरोपीय शिपायांसही स्वतःपुरतें मद्य करण्याची परवानगी होती. येथें एकाच सरकारचा एक हात मद्य बंद करीत आहे व दुसरा मद्याच्या झाडावर कर घेत आहे. त्या ओढींतून रयतेस वाट मिळाली. तथापि हा पुरावा किनाऱ्याचा आहे. तो बोरघाटाच्या पायथ्याशीं असलेल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वस्त्यांस जसाच्या तसा लावणें युक्त होणार नाहीं.

पायथ्याच्या प्रदेशाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो इंग्रजी अमलांत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें गांवोगांवच्या भट्ट्यांची जागा मोठ्या सरकारमान्य भट्ट्यांनीं घ्यावी असें धोरण दृढ झालें. उरण येथील भट्ट्यांत पंचमहालाकडून आलेल्या मोहाच्या फुलांची दारू निघे. आणि येथल्या रानांत जें फूल आपोआप अंगणांत पडे त्यावर १८९२ सालीं ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. तें फूल बाळगणें, विकणें व नेणें यांवर निर्बंध आले. दूरदेशींचें फूल महसुलाचें आणि दारचें फूल चोरीचें, असा हा न्याय! मोहाचें फूल गरिबांच्या पोटांतही जातें. वाळवून, भाजून, टंचाईच्या दिवसांत तर विशेषच. कायद्यास मात्र टोपलींतील फुलें खाण्याचीं कीं भट्टीचीं, हें ओळखतां येत नव्हतें.

ह्या बंदीनें भट्टी विझली नाहीं. ती ओढ्याकाठीं रानांत गेली. फुटलें तरी परवडेल असें मडकें, घटकाभरांत मोडतां येईल अशी चूल, जवळ वाहतें पाणी, ही सारी मांडणी केवळ दारिद्र्याची नसून पहाऱ्याचीही आहे, असें आमचें अनुमान आहे. सावकाश मुरविण्यास जेथें उसंत नाहीं तेथें मद्य जुनें होत नाहीं. तें त्याच रात्रीं संपतें. पुढें १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें नीरा व ताडी यांच्या व्याख्या निरनिराळ्या केल्या. म्हणजे चुन्याचें एक बोट कायद्याच्या भाषेंतही शिरलें. त्याच कायद्याच्या छत्राखालीं २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षासवाच्या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें. याउलट शेजारच्या गोव्यांत काजूच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कोणतें मद्य उद्योग, कोणतें वारसा व कोणतें गुन्हा, हें फळाफुलाच्या गुणावरून ठरलेलें नाहीं, हें यावरून स्पष्ट होईल.

येथें एक धोका सांगणें अवश्य आहे. ज्या जमातींची नोंद केवळ दंडाच्या वहींत सांपडते त्या जमाती गुन्हेगारच होत्या, असा समज अभ्यासकाच्या मनांत नकळत रुजतो. वस्तुतः नियम बदलला कीं तेंच कृत्य कधीं हक्क, कधीं उत्पन्न, कधीं अपराध ठरतें. म्हणून प्रत्येक कागदावर तो कोणत्या कायद्याच्या छायेंत लिहिला गेला हें प्रथम पाहावें.

संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, झाडपट्टीच्या पावत्या, ताडीच्या दुकानांचे मक्ते, भट्टीचे परवाने, जप्तीच्या याद्या असे कागद रुमालांत निघाल्यास ते क्षुद्र म्हणून टाकूं नयेत. शोध करतांना एवढें ध्यानीं असावें कीं, कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता, नंतर कुलाब्यांत आला, आणि १९८१ पासून त्याच जिल्ह्यास रायगड म्हणतात. एकाच गांवाचे कागद त्यामुळें दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत विखुरलेले असणार. जप्तीच्या यादींत ‘मडकीं दोन, नळी एक, फुलें अमुक शेर’ अशी ओळ मिळाली तर ती पोलिसानें लिहिलेली असली, तरी ज्यांनीं स्वतः कांहींच लिहिलें नाहीं त्यांच्या विद्येचें तें टिपण आहे.