आयपीअलादिन

आयपीअलादिन : ज्युपिटर नोटबुकमध्ये आकाशाचा फिरता नकाशा उघडून देणारे पायथनचे मुक्तस्रोत पॅकेज. स्ट्रासबुर्ग (फ्रान्स) येथील सीडीएस या खगोलीय माहितीकेंद्राचे (स्थापना १९७२) ‘अलादिन लाइट’ हे ब्राउझरमधले दर्शक त्याच्या पोटात आहे.

मांडणी सोपी. नोटबुक ज्या पायथनवर चालते त्यातच ‘पिप’ने पॅकेज बसवायचे, ‘अलादिन’ हा क्लास आयात करायचा, त्याला लक्ष्याचे नाव आणि दृश्यक्षेत्र अंशांत सांगायचे. एम३१ आणि २ अंश दिले, की सेलखाली देवयानी दीर्घिका उभी राहते. खिडकीऐवजी नुसती मजकुराची ओळ उमटली तर कर्नेल पुन्हा सुरू करून पान ताजे करावे. बहुतेक वेळा तेवढे पुरते. इंटरनेट मात्र हवेच. हा नकाशा ज्या ‘हिप्स’ पद्धतीवर चालतो तीत आकाश समान क्षेत्रफळाच्या तुकड्यांत साठवलेले असते आणि जवळ जावे तसे अधिक बारीक तुकडे सर्व्हरवरून येतात.

अलादिन म्हटले की दिवा आठवणारच. त्याच नावाच्या, ठाणे महापालिकेतल्या दिवा या वस्तीत, रेल्वेच्या आणि इमारतींच्या झगमगाटात, अंधुक दीर्घिका शोधणे कठीण. पावसाळ्यात तर आकाशच नाही. तिथे ही खिडकी कामाची. पण ती दिव्याचे आकाश दाखवत नाही. सुरुवातीला दिसते ते डीएसएस२, म्हणजे जुन्या छायाचित्र-पट्ट्यांची डिजिटल प्रत. त्याला ना आजची तारीख, ना क्षितिज. मोठा मॅगेलॅनिक मेघ एका शब्दावर समोर येतो, प्रत्यक्षात १९.२ अंश उत्तर अक्षांशावरच्या दिव्यातून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम अंशभर चढतो, म्हणजे दिसत नाहीच. अगस्त्य फार तर १८ अंशांपर्यंत येतो. हा हिशेब ‘ॲस्ट्रोपाय’ या पायथन पॅकेजकडून करून घ्यावा लागतो: अक्षांश, रेखांश व वेळ देऊन प्रत्येक ताऱ्याची उंची काढायची आणि क्षितिजाच्या वर असलेल्या ताऱ्यांचा तक्ता नकाशावर चढवायचा.

सर्वेक्षण बदलणे ही खरी गंमत. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेनांनी १५० मेगाहर्ट्‌झवर केलेले टीजीएसएस सर्वेक्षण (निरीक्षणे २०१० ते २०१२) हिप्स स्वरूपात मिळते. ‘सिग्नस ए’वर दोन खिडक्या लावाव्यात. डीएसएसमध्ये ताऱ्यांच्या गर्दीत हरवलेला फिकट ठिपका, टीजीएसएसमध्ये आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओस्रोतांपैकी एक.

अलादिनशी मराठी मुलखाचा संबंध या पॅकेजाहून जुना. पुण्यातील आयुका ही खगोलसंस्था व पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांच्या ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया’ प्रकल्पात घडलेले ‘व्हीओप्लॉट’ हे आलेखाचे साधन अलादिनच्या जावा आवृत्तीला जोडून वापरता येई.

नोटबुकातला ताऱ्यांचा तक्ता डोळ्यांनी पडताळायचा असेल, तर दिवेकरांना कर्जतच्या वाटेवरची वांगणी जवळ. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन तिथेच होत आले आहे.