दागिना खरा आहे हे ॲप सांगतं, पण तो आला कुठून?

बहिणीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आम्ही मार्केट यार्डात, घराजवळच्याच एका सराफाकडे गेलो होतो. मी लगेच फोन काढून सोनं तपासलं. सगळं बरोबर निघालं. तेवढ्यात आईने हिऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "माल कुठला?" यार्डात हापूसची पेटी घेताना विचारते, अगदी तसंच. उत्तर आलं, "सर्टिफाइड आहे." पण हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. का, ते बघूया.

एचयूआयडी काय सांगतो?

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने, कुंदन, पोलकी यांना सूट आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये 'व्हेरिफाय एचयूआयडी' उघडून हा कोड टाका. सराफाची नोंदणी, हॉलमार्क केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात अंगठी आणि ॲपमध्ये चेन दिसली, तर तिथेच थांबा.

पण सोनं कोणत्या खाणीतलं, हे त्यात नसतं. एकदा वितळलं की सगळं सोनं सारखंच.

हिऱ्याचं सर्टिफिकेट

जीआयए किंवा आयजीआयच्या रिपोर्टचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून तपासता येतो. बऱ्याचदा तोच नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो. वजन, रंग, स्वच्छता, नैसर्गिक की लॅबमधला, हे कळतं. खाणीचं नाव मात्र सहसा नसतं.

मग किंबर्ली प्रोसेस कशाला आहे?

सिएरा लिओन, अंगोलामधल्या बंडखोरांनी हिरे विकून युद्धं चालवली. ते थांबवायला २००३ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. कच्चे हिरे सीलबंद डब्यात, सरकारी प्रमाणपत्रासहच एका देशातून दुसऱ्या देशात जातात. पण तिच्यात दोन भोकं आहेत.

पहिलं: व्याख्या फक्त बंडखोरांपुरती आहे. झिम्बाब्वेच्या मारांगे भागात २००८ मध्ये सरकारी सैन्यावरच खाणकामगारांना मारल्याचे आरोप झाले. निर्यात काही काळ थांबली, पण २०११ मध्ये परवानगी मिळाली. त्याच डिसेंबरात ही व्यवस्था उभी करायला झटलेली ग्लोबल विटनेस संस्था बाहेर पडली.

दुसरं: प्रमाणपत्र फक्त कच्च्या हिऱ्यांना असतं. सुरतेत पैलू पाडण्याआधी आणि नंतर हिरे आकार, रंगाप्रमाणे निवडून एकत्र केले जातात. वेगवेगळ्या बागांचे आंबे निवडून नव्या पेटीत भरले की बागेचं नाव पुसलं जातं, तसंच हे.

दुकानात काय कराल?

१. पैसे देण्याआधी एचयूआयडी आणि रिपोर्ट नंबर स्वतःच्या फोनवर तपासा.

२. "तुमच्या पुरवठादाराच्या बिलावर सिस्टिम ऑफ वॉरंटीजचं निवेदन आहे का?" असं विचारा. पैलू पाडलेल्या हिऱ्यांच्या व्यापारात विक्रेता या निवेदनातून हिरे युद्धाशी संबंधित नसल्याची हमी देतो. ती खाण दाखवत नाही, पण कोणीतरी लेखी जबाबदारी घेतलेली असते.

३. हिरा कोणत्या देशातला, हे बिलावर लिहून द्याल का, ते विचारा. नकार आला तर तेही एक उत्तरच आहे.

४. लॅबमधला हिराही कार्बनच असतो. खाण नाही, किंमत बरीच कमी. मात्र तो बनवायला वीज भरपूर लागते आणि परत विकताना फारसे पैसे येत नाहीत.

५. घरातलं जुनं सोनं मोडून दागिना केला, तर तेवढं नवं सोनं घ्यावं लागत नाही.

आम्ही शेवटी आजीच्या जुन्या कुड्या मोडल्या, हिरा लॅबमधला घेतला आणि तसं बिलावर लिहून घेतलं. आईचा प्रश्न ॲपमध्ये नाही, तो काउंटरवर तोंडानेच विचारावा लागतो. पुढच्या खरेदीला तुम्हीही विचारून बघा.