जीप : निलंबन व उंचीवाढ

जीप : चारही चाकांना एंजिनाची शक्ती पुरविता येणारी, वजनाने हलकी व बांधणीने मजबूत अशी मोटारगाडी. मूळची लष्करी असलेली ही गाडी दुसऱ्या महायुद्धानंतर शेती, बांधकाम, वनखाते, पोलीस व प्रवासी वाहतूक या क्षेत्रांत जगभर पसरली. गाडीचा सांगाडा ज्या कमानपाट्यांवर किंवा स्प्रिंगांवर टेकलेला असतो, त्या योजनेस निलंबन (व्यवहारात सस्पेन्शन) असे म्हणतात. जुन्या जीपगाड्यांचे निलंबन बदलून त्यांची उंची वाढविण्याची प्रथा युद्धोत्तर काळात रूढ झाली. या प्रथेमागील यंत्रशास्त्र, तिचे पर्याय व तिची मर्यादा यांचा विचार रायगडच्या किनारपट्टीच्या संदर्भात येथे केला आहे.

इतिहास : १९४० साली अमेरिकी लष्कराने टेहळणीसाठी हलक्या, ठेंगण्या व चारही चाके चालविणाऱ्या वाहनाची मागणी नोंदविली. बँटम कंपनीने पहिला नमुना त्याच वर्षी सप्टेंबरात सादर केला. तथापि मोठ्या प्रमाणावरील उत्पादन विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांकडे गेले. १९४५ पर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. या गाडीच्या पुढील व मागील आसांमधील अंतर सु. २०३ सेंमी., वजन सु. १,१०० किग्रॅ. आणि एंजिन ६० अश्वशक्तीचे होते. दोन्ही आस अखंड असून प्रत्येक आस दोन कमानपाट्यांना जोडलेला असे. कमानपाटे आसाच्या वर न बसविता खाली बसविले होते. त्यामुळे गाडी ठेंगणी राहून शत्रूच्या दृष्टीस सहसा पडत नसे व वळणावर स्थिर राही. जीपचा ठेंगणेपणा हा दोष नसून विचारपूर्वक स्वीकारलेला गुण होता, हे उंचीवाढीचा विचार करताना विसरून चालत नाही.

युद्ध संपल्यावर शिल्लक जीपगाड्या नागरिकांच्या हाती आल्या. अमेरिकेत डोंगरवाटांवर हौसेने जीप चालविण्याची परंपरा सुरू झाली. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील रुबिकॉन या खडकाळ वाटेवर जीपधारकांचा मेळा भरला. मोठ्या शिळा ओलांडण्यासाठी गाडीची उंची वाढविण्याचे तंत्र अशाच वातावरणात विकसित झाले. त्या तंत्राची पार्श्वभूमी कोरड्या खडकाची आहे, किनाऱ्याची नाही.

भारतातील जीप : मुंबई येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आयात करून १९४९ मध्ये माझगाव येथे त्यांची जुळणी सुरू केली. पुढे टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी देशात बनू लागली. विलीजने १९५३ मध्ये बाजारात आणलेले सीजे-३बी हे उंच बॉनेटचे प्रतिरूप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले. भारतात मात्र ते त्यानंतरही दीर्घकाळ बनत राहिले. प्यूजो कंपनीच्या परवान्याने तयार होणारी डिझेल एंजिने आल्यावर एमएम ५४० सारखी प्रतिरूपे लोकप्रिय झाली. डिसेंबर १९८५ मध्ये मारुती जिप्सी आली. तिचेही दोन्ही आस अखंड व निलंबन कमानपाट्यांचे होते. जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनणारी जोंगा ही निस्सानच्या गाडीवर आधारित होती. २०१० मध्ये आलेल्या थार गाडीत मात्र पुढील प्रत्येक चाकाला स्वतंत्र निलंबन व पीळदांडी देण्यात आली. कमानपाटे केवळ मागे राहिले. २०२० च्या थारमध्ये पुढे व मागे गुंडाळी स्प्रिंगा आल्या. म्हणून ‘जुनी गाडी’ या एकाच शब्दाखाली भिन्न रचना येतात व एकीस योग्य असलेला पर्याय दुसरीस लागू पडत नाही.

रायगडची किनारपट्टी : पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळाले. या किनाऱ्याचे मुंबईशी दळणवळण दीर्घकाळ प्रामुख्याने जलमार्गाने चाले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवाशांचा अंत झाला. पावसाळ्यात या मार्गावर किती धोका होता, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. खुष्कीचे मार्गही खाड्यांनी तोडलेले होते. अशा प्रदेशात कच्च्या रस्त्यांवर चालू शकणाऱ्या जीपचे मोल मोठे होते. मार्च २०२० मध्ये मुंबई–मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली आणि शहरातील हौशी मंडळींच्या उंचावलेल्या गाड्याही समुद्रमार्गे अलिबागकडे येऊ शकल्या.

येथील भूमी तीन प्रकारची आहे. अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगर येथील पुळणीवर ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट असते. सुरूच्या बनाजवळील कोरडी वाळू मात्र चाक गिळते. खाड्यांच्या कडेच्या खारजमिनीत बांधांवरून जाणाऱ्या वाटा पावसात चिकट चिखलाच्या होतात. श्रीवर्धन–हरिहरेश्वरकडे जांभ्याच्या सड्यांवर चाकोऱ्या व उघडे दगड आढळतात. यांपैकी केवळ तिसऱ्या प्रकारात उंचीचा प्रत्यक्ष उपयोग होतो. वाळूत गाडी रुतते ती बहुधा टायरमधील हवा अधिक असल्यामुळे. हवा कमी केली की टायर पसरून भार वाटला जातो. चिखलात टायरची नक्षी व मंदगती गिअर निर्णायक ठरतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारख्या प्रसंगी झाडे कोसळून रस्ते अडतात, तेव्हा उंच गाडीपेक्षा करवत व दोरखंड उपयोगी पडतात.

उंचीवाढीचे प्रकार : अखंड आसाच्या गाडीत जमिनीच्या सर्वांत जवळ असणारा भाग म्हणजे आसाच्या मध्याचा डिफरेन्शियलचा गोळा होय. तो चाकांबरोबरच असतो. त्यामुळे निलंबन कितीही उंचावले, तरी तो जराही वर जात नाही. त्यास वर नेण्याचा सामान्य उपाय एकच, तो म्हणजे मोठ्या व्यासाचे टायर. निलंबन उंचावल्याने सांगाडा व गिअरपेटी वर जातात, चढ-उताराच्या तोंडाशी गाडीचे नाक वा शेपूट घासत नाही आणि मोठ्या टायरला जागा मिळते.

(१) शरीरवाढ : सांगाडा व पत्र्याची बॉडी यांमध्ये ठोकळे घालतात. मोठा टायर बसविण्यास जागा होते. परंतु सांगाड्याची उंची तीच राहते. (२) लांब शॅकल : कमानपाट्याच्या टोकाचा झुलता दुवा लांब करतात. ही वाढ निम्मीच मिळते. शॅकल ५ सेंमी.ने लांब केल्यास गाडी सु. २.५ सेंमी. उचलते. पुढील आस यामुळे किंचित फिरतो व स्टिअरिंग सरळ राहण्याचा गुण कमी होतो. (३) पाटा वाढविणे : संचात एक पाटा अधिक घालतात. हा उपाय स्वस्त असून भार वाहणाऱ्या गाड्यांत पूर्वापार चालत आला आहे. मात्र निलंबन ताठर होऊन चाकांची वर-खाली होण्याची क्षमता घटते. (४) कमान भरणे : जुने पाटे ठोकून पुन्हा वाकवितात. थकलेले पोलाद लवकरच पुन्हा बसते. (५) अधिक कमानीचे नवे पाटे : त्यांना जुळणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बर व लांब ब्रेकनळ्या घातल्यास हा सर्वांत समतोल उपाय ठरतो. (६) पाटे आसावर नेणे : आसाची जाडी व पाट्यांच्या संचाची जाडी मिळून एकदम सु. १२ ते १४ सेंमी. वाढ होते. यासाठी आसावर नव्या बैठकांचे जोडकाम करावे लागते. जोर लावताना पाटे पिळवटतात आणि स्टिअरिंगच्या दांड्यांची मांडणी बदलावी लागते. आस व पाटा यांमध्ये ठोकळा घालण्याचा उपाय ट्रकसारख्या, पाटे आसावर असलेल्या रचनेतच चालतो. जुन्या जीपप्रमाणे पाटे आसाखाली असतील, तर त्याच ठोकळ्याने गाडी उलट खाली येते. २०१० नंतरच्या थारमध्ये पीळदांडी आवळून पुढचा भाग उचलता येतो. परंतु चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरपे होऊन त्यांची रबरी आवरणे लवकर फाटतात.

परिणाम : उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो. दोन चाकांमधील अंतर १२४ सेंमी. व गुरुत्वमध्याची उंची ६२ सेंमी. मानल्यास स्थिर गाडी आडव्या उतारावर ४५° पर्यंत कलंडणार नाही, असे गणित येते. गुरुत्वमध्य १० सेंमी.ने वर गेल्यास ही मर्यादा सु. ४१° वर येते. चालत्या गाडीत वळण, पाट्यांची लवचीकता व आत बसलेल्या माणसांचा भार यांमुळे खरी मर्यादा याहून पुष्कळच कमी असते. घाटाच्या वळणांवर हा फरक जिवावर बेतू शकतो. टायरचा व्यास ७१ सेंमी. वरून ७९ सेंमी. केल्यास डिफरेन्शियल ४ सेंमी. वर जातो, मात्र वेगमापक ताशी ५० किमी. दाखवीत असता खरा वेग सु. ५६ किमी. असतो, आणि जुन्या ड्रम ब्रेकांवरील ताणही वाढतो. शाफ्टचे कोन तीव्र झाल्याने कंपने निर्माण होतात व सांधे झिजतात.

किनाऱ्यावर यात खाऱ्या हवेची भर पडते. पाट्यांमधील फटीत खारे पाणी साचून गंज चढतो व पाटा मोडतो. म्हणून समुद्रालगत फिरल्यानंतर गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते. तापलेला आस थंड पाण्यात बुडाला म्हणजे आतील हवा आकुंचन पावून श्वासछिद्रातून पाणी आत ओढले जाते. हे छिद्र रबरी नळीने वर नेणे, हा उंचीवाढीहून पुष्कळ स्वस्त व अधिक उपयुक्त बदल होय.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीनुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करूनच नूतनित होत असल्यामुळे जुन्या जीपच्या मालकास हा प्रश्न टाळता येत नाही.

निवड : तीस-चाळीस वर्षे वापरलेल्या जीपचे पाटे बसलेले असतात व तिची मूळ उंची काही सेंमी.ने घटलेली असते. मूळ मापाचे नवे पाटे, बुश व शॉकअ‍ॅब्सॉर्बर घातल्यास ही उंची परत मिळते, आणि वाढ म्हणून जे हवेसे वाटत होते त्यातील बराच भाग कायदा व स्थैर्य न बिघडविता साध्य होतो. त्यानंतर टायरची नक्षी व हवेचा दाब, मग ओढदोर व श्वासनळी, असा क्रम रायगडच्या वाळू-चिखलास अनुरूप आहे. पाटे आसावर नेण्यासारखे मोठे बदल खडकाळ स्पर्धाभूमीसाठी निर्माण झाले. सार्वजनिक रस्त्यावरून कुटुंबासह किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीस त्यांचा लाभ थोडा व धोका अधिक असतो. मूळ बांधणीत राखलेल्या जीपगाड्या दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. जोडकाम केलेला आस पूर्ववत करणे कठीण असते. बदललेला पाटा मात्र केव्हाही काढता येतो. यांत्रिक वारशाचे जतन म्हणूनही परत फिरविता येईल असाच बदल करणे श्रेयस्कर ठरते.