हाइन्सलमन, मायरन

(१९२०–९३). अमेरिकन वन-परिस्थितिविज्ञ. मिनेसोटा राज्यातील बाउंडरी वॉटर्स या सरोवरांच्या आणि जंगलांच्या प्रदेशात त्यांनी वनसेवेतर्फे संशोधन केले. लाल पाइनच्या खोडात पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीहून बारीक कांडी काढायची, आगीच्या व्रणापासून सालीपर्यंतची वलये मोजायची आणि वणव्याचे वर्ष ठरवायचे, ही त्यांची रीत. अशा चिकाटीने १५९५ पासूनचे वणवे त्यांनी नकाशावर आणले. हे जंगल वणव्यांनीच घडवले, असे त्यांच्या १९७३ च्या निबंधाने दाखवून दिले. तेथील जॅक पाइनचे राळेने मिटलेले शंकू तर मुख्यतः आगीच्या धगीने उघडतात. वनशास्त्रातील हे खरोखर पायाभूत काम. पुढे ते याच जंगलाच्या रक्षणासाठी झटले. १९७८ च्या संरक्षण कायद्यात त्यांचा मोठा वाटा आहे.