पिवळ्या दिव्याचा इतिहास

हवा भरून आलो तरी डॅशबोर्डवरचा टायरचा पिवळा दिवा विझत नाही, तेव्हा आपण त्यालाच दोष देतो. हा दिवा आला कुठून, ते आज पाहू.

ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत फायरस्टोननं सुमारे 65 लाख टायर परत मागवले. बरेचसे फोर्ड एक्स्प्लोररवर होते. धावताना टायरचा वरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची. सरकारी नोंदीत 271 मृत्यू आहेत. दोष कुणाचा, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या. टायरमधली कमी हवा हा त्यातला एक मुद्दा. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, तापतो. नोव्हेंबरमध्येच कायदा झाला: गाडीनं चालकाला इशारा द्यावा.

2002 च्या नियमानं चाकांच्या वेगाची तुलना करणारी स्वस्त पद्धत चालवून घेतली. पण चारही टायर सारखेच उतरले, तर तुलना करायची कशाशी? 2003 मध्ये कोर्टानं ती पळवाट बंद केली. 2005 च्या नियमानं दिव्याला दोन अर्थ दिले. एक किंवा चारही टायरची हवा 25 टक्के कमी झाली, की दिवा स्थिर पेटेल. यंत्रणाच बिघडली, तर आधी 60 ते 90 सेकंद लुकलुकेल, मग स्थिर होईल.

म्हणून गाडी सुरू करताना नीट बघायचं. लुकलुकला, तर बहुधा चाकातल्या सेन्सरची बॅटरी संपलेली. नुसताच पेटला, तर थंड टायर गेजनं मोजायचे, चारही. दिव्यावर चिकटपट्टी लावली, तर त्या 271 जणांमुळे मिळालेला इशाराच आपण झाकतो.